प्रसिद्धी हवी असते, मग गायक-वादक चाहत्यांची तक्रार का करतात?

कारण त्यांची तक्रार प्रसिद्धीची नसते, कामात आणि घरात होणाऱ्या घुसखोरीची असते, आणि ती मला पूर्णपणे रास्त वाटते. सांगली-मिरजेकडच्या मैफलींच्या आयोजनात मी असतो, तेव्हा हे डोळ्यांसमोर घडतं. मैफलीला दहा मिनिटं उरलेली, गायिका तंबोऱ्याला कान लावून जवारीचं सूत (तारेखालचा, नाद खुलवणारा दोरा) केसभर सरकवतेय, आणि तेवढ्यात कुणीतरी खांद्याला खांदा लावून मोबाइल पुढे करतो, "ताई, एकच सेल्फी!" लागलेला स्वर गेला, की पुन्हा पहिल्यापासून. बीटल्स या ब्रिटिश बँडने तर १९६६ च्या ऑगस्टनंतर दौरेच थांबवले. त्याचं एक मोठं कारण हेच होतं: चाहत्यांच्या किंकाळ्यांत त्यांना स्वतःचं वाजवणं ऐकू येत नव्हतं. बीटल्सपैकीच जॉन लेननवर १९८० मध्ये गोळ्या झाडणाऱ्याने त्याच दिवशी त्याची सही घेतली होती, त्यामुळे मागे लागणाऱ्या माणसाची भीती उगाच नाही.

जवळीक मात्र कुणालाच नकोशी नसते. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात उरुसाला किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं-बजावणं होतं, तिथे श्रोते अगदी समोर बसतात आणि कलाकार खुलतात. हां, जे स्वतःच्या घरातला चहासुद्धा रोज चित्रित करून दाखवतात, त्यांच्या तक्रारीला मी थोडं कमी वजन देतो. पण दाराची बेल रात्री अकराला वाजवायची परवानगी त्यांनीही दिलेली नसते.