फोटो डिलीट केल्याने प्रकरण मिटत नाही

शाळांच्या पालकसभा सुरू झाल्या की माझ्याकडे पत्रांचा ओघ वाढतो, आणि त्यांतला गोंधळ दर वर्षी तोच असतो. सायबर गुन्ह्यांत अडकलेल्या मुलांची वकील म्हणून मी काम करते, शाळांमध्ये बोलायलाही जाते. तिथे दिलेली उत्तरं पुन्हा इथे देते आहे. ती सर्वसाधारण आहेत. तुमच्याकडे प्रत्यक्ष प्रकरण असेल, तर हे वाचून थांबू नका, कागद घेऊन कुणाला तरी भेटा.

प्रश्न : मुलगा पाचवीत आहे. वर्गात सगळ्यांचं इन्स्टाग्राम आहे म्हणून जन्मसाल २००५ टाकून खातं काढून दिलं. काही अडचण येईल का? (एक आई, सातारा)

आजच बंद करा. १३ वर्षांखालच्या मुलांना तिथे खातं काढता येत नाही. शिवाय खोट्या जन्मसालामुळे ॲपच्या लेखी तो प्रौढ आहे. अल्पवयीनांच्या खात्याला आपोआप लागणारं संरक्षण त्याला लागलेलंच नाही.

प्रश्न : एक कंपनी शाळेला 'सायबर सुरक्षा किट' घ्या म्हणते. प्रत्येक मुलामागे साडेतीनशे रुपये, त्यात पुस्तिका, ॲप आणि प्रमाणपत्र. शासनाने सक्तीचं केलंय असं सांगतात. घ्यावं का? (शिक्षक, जळगाव)

आधी त्यांच्याकडे शासन निर्णयाचा क्रमांक आणि तारीख मागा आणि ती प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना दाखवा. बहुतेक विक्रेते इथेच गप्प होतात. मग त्यांचं ॲप मुलांची कोणती माहिती घेतं ते पाहा. जन्मतारीख, फोटो, पालकांचा मोबाइल नंबर मागत असेल, तर सुरक्षेच्या नावाखाली तुम्ही अख्ख्या शाळेची यादी एका दुकानदाराच्या हाती देताय. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल आहे, आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते.

जे शिकवायचं ते फुकट शिकवता येतं. निकाल, लग्नपत्रिका, ई-चलन अशा नावांनी येणारी एपीके फाइल म्हणजे पत्रिका नसते, ते ॲप असतं. ते फोनमधले एसएमएस वाचून ओटीपी बाहेर पाठवू शकतं. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. व्हॉट्सॲपचं टू-स्टेप व्हेरिफिकेशन मुलांनी घरी जाऊन आईवडिलांच्या फोनवर स्वतः सुरू करून द्यावं. फसवणूक झाली तर १९३० या सायबर हेल्पलाइनला काय सांगायचं (रक्कम, वेळ, व्यवहार क्रमांक, बँकेचं नाव) हे वर्गात म्हणून घ्या. वर्षातून एकदा सभागृहात भाषण ठेवून यातलं काही होत नाही. महिन्याला एक तास द्या आणि मुलांच्या हातून करून घ्या.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर तीन टिका येऊन दोन लाल झाल्या की सरकार मेसेज तपासतं, हे मुलांना सांगावं का? (शिक्षिका, चिपळूण)

नाही. व्हॉट्सॲपला तिसरी टीक नाही. हा मेसेज तुमच्यापर्यंत कुणी आणि न तपासता का पाठवला, यावर मात्र वर्गात जरूर बोला.

प्रश्न : नववीतल्या मुलीचा स्नेहसंमेलनातला फोटो घेऊन वर्गातल्या तीन मुलांनी एआय ॲपवर तिचा नग्न फोटो बनवला आणि ग्रुपवर टाकला. आम्ही मोबाइल घेऊन सगळं डिलीट केलं, माफीनामे लिहून घेतले. मुलीचे वडील बदनामीच्या भीतीने पोलिसांत जायला नको म्हणतात. संस्थाचालकांचंही तेच मत आहे. प्रकरण मिटलं असं समजावं का? (मुख्याध्यापिका, मराठवाडा)

नाही मॅडम. प्रकरण तसंच आहे, फक्त पुरावा गेला. या एका प्रश्नावर मी वर्षानुवर्षं बोलते आहे आणि तरीही शाळा पहिल्या दिवशी नेमकं हेच करतात, म्हणून सविस्तर लिहिते.

मुलीच्या अशा फोटोची माहिती मिळाली की विशेष बाल पोलीस पथकाला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला कळवणं पॉक्सो कायद्याच्या (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा) कलम १९ नुसार बंधनकारक आहे. कळवायचं की नाही हे ठरवण्याचा अधिकार संस्थाचालकांना नाही, आणि वडील नको म्हणाले म्हणून तुमची जबाबदारी संपत नाही. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत, तर संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. "फोटो खरा नव्हताच" हे म्हणण्यातही अर्थ नाही. २०१९ च्या दुरुस्तीपासून संगणकावर बनवलेली किंवा बदललेली, पण मुलाचीच वाटणारी प्रतिमाही कायद्याच्या व्याख्येत येते. मुलांच्या अश्लील प्रतिमा ऑनलाइन पसरवण्याबद्दलचं आयटी कायद्याचं कलम ६७-ब आहेच. नेमकी कोणती कलमं लागतील ते पोलीस आणि तुमचे वकील पाहतील.

आता डिलीट करण्याबद्दल. ग्रुपमधल्या किती मुलांच्या गॅलरीत आणि बॅकअपमध्ये तो फोटो उतरला असेल, हे तुम्हाला ठाऊक नाही. तुमच्या डिलीटने त्या प्रती गेल्या नाहीत. गेलं ते एवढंच, की फोटो कुणी बनवला, कोणत्या ॲपवर, पहिल्यांदा कुणी पाठवला. उद्या ती मुलगी अकरावीला दुसऱ्या गावी गेली आणि तोच फोटो तिथे पोहोचला, तर तिच्या आईवडिलांच्या हातात काय उरेल? तीन माफीनामे, तेही शाळेच्या कपाटात.

म्हणून आता तरी हे करा. जे मोबाइल अजून शाळेच्या ताब्यात आहेत ते रिसेट करू नका, पुन्हा उघडूनही पाहू नका. फ्लाइट मोडवर टाका, वेगवेगळ्या पाकिटांत सील करा, वर तारीख-वेळ लिहून दोघांच्या सह्या घ्या आणि पोलिसांना द्या. डिलीट केल्याचं स्पष्ट सांगा. लवकर गेलात तर तज्ज्ञांना काही परत मिळवता येण्याची शक्यता असते. ग्रुपचं नाव, नंबर, वेळ, आधी कुणाच्या लक्षात आलं, हे सगळं कागदावर लिहा. तो फोटो मात्र स्वतःच्या मोबाइलवर घेऊ नका, आणि 'माहितीसाठी' म्हणून शिक्षकांच्या ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. चांगल्या हेतूने हे करणारी माणसं मी पाहिली आहेत. कायद्याच्या नजरेत तोही प्रसारच असतो.

वडिलांची भीती मी समजू शकते. त्यांना समोर बसवून हे सांगा : मुलीला पोलीस ठाण्यात जावं लागत नाही. पॉक्सोच्या कलम २४ प्रमाणे तिचा जबाब घरी किंवा ती म्हणेल तिथे घेतात, शक्यतो महिला अधिकारी घेतात, आणि त्या गणवेशात नसतात. तिची ओळख माध्यमांत उघड करायला कलम २३ मनाई करतं. वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. फोटो एखाद्या समाजमाध्यमावर चढला असेल, तर २०२१ च्या आयटी नियमांनी अशा तक्रारीवर तो हटवायला कंपन्यांना २४ तासांची मुदत घालून दिली होती, २०२६ च्या दुरुस्तीने ती दोन तासांवर आली आहे, आणि त्यात मॉर्फ केलेले फोटोही येतात. पण तक्रारच केली नाही, तर मुदत कशी मोजणार?

त्या तीन मुलांचे पालक "आयुष्य बरबाद होईल" म्हणत तुमच्याकडे येतील. १८ वर्षांखालच्या मुलांचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, आणि मूल सुधारावं हाच बाल न्याय कायद्याचा रोख आहे. घाईने दाखले हातात देऊ नका. आणि मुलीला तुकडी बदलायला किंवा 'थोडे दिवस घरी राहायला' सांगू नका. काहीही न केलेल्या मुलीला ती शिक्षा होते. २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे तुमच्या शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती असायला हवी. तिची बैठक आज बोलवा, इतिवृत्त लिहा, समुपदेशक गाठा, आणि आजच पोलिसांना लेखी कळवून पोच घ्या.

प्रश्न : मी बीकॉमला आहे. मित्राने गेमिंगचे पैसे फिरवायला माझं बँक खातं, एटीएम कार्ड आणि सिम मागितलं. महिन्याला पाच हजार देतो. मी दिलं. आता खातं गोठवलंय. (विद्यार्थी, नागपूर)

तुझ्या खात्यातून बहुधा कुणाच्या तरी फसवणुकीचे पैसे फिरले आहेत. पैशांचे ऑनलाइन खेळ २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद केले आहेत, त्यामुळे "गेमिंगचे पैसे" हे कारण पोलिसांपुढे टिकणार नाही. कार्ड, नेटबँकिंग आणि सिम बंद करून घे. बँकेला लेखी अर्ज देऊन खातं कोणत्या पोलीस ठाण्याच्या पत्रावरून गोठवलं ते विचार. मित्राबरोबरचे मेसेज जपून ठेव. मग आईवडिलांना सांग आणि वकिलाला सोबत घेऊन स्वतः पोलिसांकडे जा. "खातं सोडवून देतो" म्हणणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नकोस.

प्रश्न : मुलीच्या फोनमध्ये तिला न कळता लक्ष ठेवणारं ॲप टाकावं म्हणतो. कोणतं चांगलं? (वडील, पिंपरी)

कोणतंही नको. छुपी ॲप्स तिचे फोटो आणि मेसेज कुणाच्या सर्व्हरवर नेतात, हे तुम्हाला कधी कळणार नाही. लहान मुलीसाठी गूगलच्या फॅमिली लिंकसारखी पालकांच्या देखरेखीची सोय तिला सांगून, तिच्यासमोर लावा. तिच्याशी एक बोलणं मात्र या आठवड्यातच करा : "फोनवर काहीही विचित्र घडलं आणि तू सांगितलंस, तर फोन काढून घेणार नाही." आणि हा शब्द पाळा. माझ्याकडे येणारी मुलं उशिरा येतात, ती बहुतेक फोन जाईल या धाकाने.

प्रश्न : मी सोळा वर्षांचा आहे. इन्स्टाग्रामवरच्या एका मुलीशी व्हिडिओ कॉल झाला. तिने रेकॉर्ड केला आणि आता पैसे मागतात. तीन हजार दिले, अजून मागतात. घरी सांगू शकत नाही. (नाव नाही)

गुन्हा तुझ्यावर झाला आहे. अजून पैसे पाठवू नकोस, पैसे मिळाले की मागणी वाढते. त्यांचं प्रोफाइल, नंबर, यूपीआय आयडी आणि धमक्यांचे स्क्रीनशॉट घे, मग ब्लॉक कर. चॅट पुसू नकोस. आई, मामा, शिक्षक, जो ओरडण्याआधी ऐकून घेईल अशा एकाला आज रात्रीच सांग. मग दोघं मिळून १९३० ला फोन करा. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन चोवीस तास आहे. 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा तुझ्याकडच्या फोटो-व्हिडिओची फक्त सांकेतिक खूण घेते, मूळ फाइल फोनबाहेर जात नाही. त्या खुणेवरून इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅटला ती फाइल ओळखून हटवता येते. जीव नकोसा वाटत असेल, तर १४४१६ या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) नंबरवर आत्ता बोल. ते मराठीत बोलतात.

प्रश्न : शिष्यवृत्ती मिळवलेल्या मुलांचे फोटो, नाव, इयत्ता आणि गाव शाळेच्या फेसबुक पानावर टाकतो. चालेल ना? (मुख्याध्यापक, कोल्हापूर)

पालकांची लेखी संमती घ्या, गाव आणि गळ्यातलं ओळखपत्र दिसू देऊ नका. गुणपत्रिकांचे जुने फोटो टाकले असतील तर ते आजच काढा; त्यांवर आईचं नाव असतं, बैठक क्रमांकही असतो.