बायकांना आपल्या बोलीचं प्रेम कमी असतं का?

प्रश्न : आम्ही मूळचे कुडाळकडचे, आता डोंबिवलीत असतो. मी आईशी, भावांशी मालवणीतच बोलतो, लेकीशीपण बोलायला बघतो पण बायको लगेच टोकते, ‘तिच्याशी नीट मराठीत बोला’ म्हणून. ती स्वतः सावंतवाडीची! माझी बहीणही तिच्या मुलांशी कधी मालवणी बोलत नाही. बायकांना आपल्या भाषेचं प्रेम कमी असतं का?

उत्तर : दादा, मला नाही वाटत तसं. ऑस्ट्रियात ओबरवार्ट नावाचं गाव आहे, 1921 पर्यंत हंगेरीत होतं, तिथले शेतकरी हंगेरियन आणि जर्मन दोन्ही बोलायचे. 1970 च्या दशकात भाषेचा अभ्यास करणाऱ्या सुझन गॅल यांना तिथे दिसलं की हंगेरियन सोडून जर्मनकडे वळण्यात तरुण मुली सगळ्यात पुढे आहेत. कारण सरळ होतं, हंगेरियन म्हणजे शेतकऱ्याचं घर, आणि त्या घरात सून म्हणून जायचं म्हणजे गुरं, शेण, शेत, स्वयंपाक असं दिवसभर राबणं, ते त्यांना नको होतं. शेतकऱ्यांच्या मुलांना हंगेरियन प्रिय होती कारण जमीन त्यांच्या नावावर यायची होती ना! मग त्यांना बायका आजूबाजूच्या जर्मन बोलणाऱ्या गावांतून कराव्या लागल्या आणि त्यांची पोरं जर्मनच बोलत वाढली. म्हणजे बापांना भाषेचा अभिमान होता, तरी ती पोरांपर्यंत पोचली नाही.

आता आपल्याकडे बघा. पुरुष चारचौघांत मालवणी बोलला की लोक कौतुकाने हसतात, काय मस्त गजाली सांगतो म्हणतात, तेच मुलगी बोलली की ‘गावंढळ’, ‘तोंडाळ’. शाळेत बाई काही बोलल्या तर ऐकून घ्यायला बहुतेक वेळा आईच जाते. तुमच्या बायकोने लहानपणी, कॉलेजात, लग्न ठरताना हे ऐकलं असेल का, एकदा शांतपणे विचारा, वाद घालायला म्हणून नको.

आणि लेकीशी तुम्हीच बोला, रोज बोला. ‘गो, जेवलंस काय?’ एवढ्यावर थांबू नका, अभ्यास घेताना बोला, तिला शाळेत सोडताना बोला, पालकसभेलाही तुम्हीच जा. मराठी तिला शाळेत, बिल्डिंगमध्ये, आईकडून मिळतेच आहे, दोन्ही बोलणारी मुलं गोंधळत नाहीत, कुणाशी काय बोलायचं ते त्यांना लवकर कळतं. फक्त तिच्या मालवणीवर घरात कुणी हसू देऊ नका, आजीनेसुद्धा नाही.

बहिणीलाही फोनवर मालवणीतच बोला, भाचरांच्या कानावर पडेल.