आधी रिकामं पान चढव, मग केळीचा हिशोब

प्रश्न चोपडा तालुक्यातल्या एका डिप्लोमाच्या विद्यार्थ्याचा आहे. ८ जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप, पायथन आणि फ्लास्क (पायथनमध्ये वेबसाइट बनवायची लायब्ररी) येतं, घरच्या केळीच्या कापणीचं ॲप चार महिने बसून तयार केलंय: कोणत्या बागेतून किती घड, किती क्विंटल, भाव काय, व्यापाऱ्याकडून किती येणं बाकी. लॅपटॉपवर सगळं चालतं, पण क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या दुसऱ्याच्या सर्व्हरवर, चढवलं तर नुसती 'ॲप्लिकेशन एरर' दिसते. कोणी डॉकर (ॲप त्याच्या सगळ्या गरजांसकट एका डब्यात बांधायचं साधन) शिक म्हणतं, कोणी कुबरनेटीस (असे अनेक डबे सांभाळायचं साधन), कोणी एडब्ल्यूएसचा, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडचा, कोर्स. सुरुवात कुठून करू?

भाऊ, कुबरनेटीस सोडून दे. डझनावारी सेवा शेकडो मशीनवर चालवणाऱ्यांची ती गरज आहे, तुझी नाही. डॉकर पुढे नक्की शिक, पण या ॲपचं आज त्याच्यावाचून अडलेलं नाही.

अडचण अशी झालीय की चार महिन्यांचं काम तू एकाच दिवशी नव्या मशीनवर नेलंस. तिथे दहा गोष्टी वेगळ्या आहेत, दहाही एकदम आडव्या आल्या आणि कोणती नडली ते कळायला मार्ग नाही. म्हणून आज एक नवं फोल्डर कर. दहा ओळींचं फ्लास्क लिही, जे फक्त 'नमस्कार' दाखवेल. ते गिटहबवर (कोड ठेवायची वेबसाइट) टाक, तिथून क्लाउडला जोड आणि स्वतःच्या मोबाइलवर उघडून बघ. ते दिसलं की मग खऱ्या ॲपचा एकेक तुकडा त्यात आण. आधी लॉगिन, मग बागांची यादी, मग कापणी. प्रत्येक वेळी चढवायचं. बिघडलं तर शेवटी आणलेल्या तुकड्यातच कारण सापडेल. नवीन काम सुरू करताना मी पहिल्याच दिवशी रिकामं पान चढवतो, आणि तेवढ्या एका सवयीने माझ्या कित्येक रात्री वाचल्यात.

लॅपटॉपवर चालतं आणि तिकडे नाही, असं का होतं? आपलं भरीत पुण्यात तसं का लागत नाही, तेच इथे. कृती तीच असते, पण वांगं आपल्याकडचं नसतं आणि भाजायला कपाशीच्या काड्या नसतात. तुझा कोड म्हणजे कृती. पायथनची आवृत्ती, लायब्रऱ्या, ऑपरेटिंग सिस्टीम हे सगळं तिकडे वेगळं आहे.

म्हणून आधी लॅपटॉपच क्लाउडसारखा कर. तिकडे बहुधा लिनक्स असतं. विंडोजमध्येच लिनक्स चालवायची डब्ल्यूएसएल नावाची सोय आहे, पॉवरशेलमध्ये (विंडोजची कमांड लिहायची खिडकी) एका कमांडने उबंटू हे लिनक्स बसतं आणि व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर त्याला सरळ जोडता येतो. प्रोजेक्ट मात्र सी ड्राइव्हवर ठेवू नकोस, उबंटूच्या होम फोल्डरमध्ये ठेव, नाहीतर फाइल वाचणं-लिहिणं फार संथ होतं. हे केलंस की पहिला फरक लगेच दिसेल: फाइलच्या नावात पहिलं अक्षर कॅपिटल असलं काय नि स्मॉल असलं काय, विंडोजला ती एकच फाइल वाटते, लिनक्सला त्या दोन वेगळ्या. 'टेम्प्लेट (पानाची एचटीएमएल फाइल) सापडत नाही' ही तक्रार अनेकदा एवढ्यावरूनच येते.

८ जीबीत डब्ल्यूएसएल, ब्राउझर आणि व्हीएस कोड एकत्र जड वाटलं तर गिटहब कोडस्पेसेस वापर. ब्राउझरमध्येच व्हीएस कोड उघडतो, मशीन त्यांचं असतं, आणि साध्या दोन-कोर मशीनवर वैयक्तिक खात्याला महिन्याला ६० तास फुकट मिळतात. उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारी लाइट गेली तरी काम तिकडे जसंच्या तसं राहतं. ३० मिनिटं हात लावला नाही तर मशीन आपोआप थांबतं, फाइली जात नाहीत.

प्रत्येक प्रोजेक्टला स्वतःचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्याच्या लायब्रऱ्यांचा वेगळा कप्पा, कर आणि लायब्रऱ्यांची यादी आवृत्तीच्या आकड्यासकट रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये ठेव. पायथनची आवृत्तीही प्लॅटफॉर्मला सांगून ठेव. फोल्डर पूर्ण पुसून, गिटहबवरून पुन्हा आणून, पाच मिनिटांत चालू करता आलं तर तुझी मांडणी पक्की. हे एकदा खरोखर करून बघ.

आता तुझ्या एररकडे. फ्लास्कचा घरगुती सर्व्हर फक्त त्याच मशीनचं ऐकतो, पत्ता १२७.०.०.१ आणि पोर्ट (त्या पत्त्यावरचा दरवाजा क्रमांक) ५०००. क्लाउड तुला पोर्टचा आकडा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून, म्हणजे कोडच्या बाहेर मशीनवर ठेवलेल्या सेटिंगमधून, देतं आणि ॲपने ०.०.०.० वर, म्हणजे बाहेरून येणाऱ्या प्रत्येकासाठी, ऐकावं अशी अपेक्षा करतं. कोडमध्ये ५००० पक्कं लिहिलं असेल तर ॲप सुरू होऊनही बाहेरून कोणाला सापडत नाही. शिवाय तो घरगुती सर्व्हर खऱ्या वापरासाठी नाहीच, त्याजागी गुनिकॉर्न हा पक्का सर्व्हर लाव. गुनिकॉर्न विंडोजवर चालत नाही, म्हणूनही वर डब्ल्यूएसएल सांगितलं.

यापुढची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण त्यात नुकसान कोडचं नाही, हिशोबाचं होतं. तुझा डेटा एसक्यूलाइटच्या (एकाच फाइलीत मावणारा डेटाबेस) फाइलमध्ये असणार. स्वस्त आणि फुकटच्या बऱ्याच प्लॅटफॉर्मवर डिस्क तात्पुरती असते. नवीन कोड चढवला किंवा सर्व्हर पुन्हा सुरू झाला की डिस्क मूळ स्थितीत येते आणि तुझी फाइल गेलेली असते. केळीची मृगबाग, कांदेबाग, नवती, पिलबाग, सगळ्या नोंदी एका रात्रीत साफ. एकदा असं झालं तर घरचे पुन्हा वहीकडे वळतील, आणि त्यांचं बरोबरच असेल. म्हणून डेटा ॲपपासून वेगळ्या चालणाऱ्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ठेव. फुकटचा डेटाबेस काही ठिकाणी ठरावीक दिवसांनी बंद होतो, ती अट आधी वाच. दर आठवड्याला पीजी-डम्प या पोस्टग्रेसच्याच कमांडने बॅकअप काढून लॅपटॉपवर उतरव. आणि त्या बॅकअपमधून डेटा परत भरून बघ, नुसता काढून ठेवलेला बॅकअप वेळेला दगा देऊ शकतो.

दुसरी हिशोबाचीच गोष्ट. सर्व्हरचं घड्याळ सहसा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असतं, आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. पहाटे ५ वाजता गाडी भरून तू नोंद केलीस तर सर्व्हर आदल्या दिवसाची तारीख टाकेल. केळीचा भाव रोज बदलतो, त्यामुळे चुकीच्या तारखेला चुकीचा भाव लागेल आणि व्यापाऱ्यापुढे तुझा आकडा खोटा पडेल. वेळ यूटीसीत साठव, पण दाखवताना आणि कापणीची तारीख ठरवताना 'एशिया/कोलकाता' वापर.

पासवर्ड आणि कळा (दुसऱ्या सेवा वापरायच्या गुप्त 'की') कोडमध्ये कधीच लिहू नकोस. त्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेव आणि 'डॉट ई-एन-व्ही' फाइलचं नाव गिट-इग्नोरमध्ये, म्हणजे गिटहबवर न पाठवायच्या फाइलींच्या यादीत, पहिल्याच दिवशी घाल. सुरुवातीच्या काळात माझी एक कळ गिटहबवरच्या सार्वजनिक रिपॉझिटरीत (प्रोजेक्टच्या कोडची जागा) गेली होती. मी पुढच्या कमिटमध्ये, म्हणजे पुढच्या नोंदवलेल्या बदलात, ती ओळ काढली आणि निर्धास्त झालो. पण गिट जुना इतिहास जपून ठेवतं, तिथे ती कळ कोणालाही वाचता येत होती. कळ गेली की पहिलं काम ती रद्द करून नवीन घेणं, बाकी साफसफाई नंतर.

रीजन, म्हणजे सर्व्हर कोणत्या शहरात असावा ते, निवडताना ॲप आणि डेटाबेस एकाच ठिकाणी ठेव. एडब्ल्यूएसचं मुंबई रीजन २०१६ पासून आहे, गूगल क्लाउडचं २०१७ पासून. छोट्या प्लॅटफॉर्मवर मुंबई नसेल तर सिंगापूर घे. ॲप सिंगापुरात आणि डेटाबेस अमेरिकेत असला तर डेटाबेसला विचारलेली प्रत्येक क्वेरी समुद्र ओलांडून जाते-येते.

घरच्यांचं कार्ड जोडण्याआधी बजेट अलर्ट लाव, आणि अलर्ट फक्त कळवतो, खर्च थांबवत नाही, हे ध्यानात ठेव. एडब्ल्यूएसवर भाड्याचा ईसीटू सर्व्हर थांबवला तरी त्याच्या डिस्कचे पैसे चालू राहतात. माझा सल्ला असा की पहिलं ॲप कार्ड न मागणाऱ्या प्लॅटफॉर्मवरच चालव. तिथे ॲप वापरात नसलं की झोपतं आणि पुढच्या वेळी उघडायला वेळ घेतं. ते घरी आधीच सांगून ठेव, म्हणजे बंद पडलं असं कोणाला वाटणार नाही.

आज 'नमस्कार' चढव. जुन्या ॲपच्या एररचा फोटो नको, लॉगमधल्या (सर्व्हर लिहून ठेवतो त्या नोंदी) शेवटच्या २० ओळी मजकूर म्हणून इथे टाक, पासवर्ड असतील ते काढून. पायथनची खरी तक्रार बहुतेक वेळा सगळ्यात खालच्या ओळीत असते. मला पोर्टचाच घोळ वाटतोय, ओळी दिसल्या की नक्की सांगतो.