अमेरिकेतल्या आयोवा राज्यात नैसर्गिक तलाव फक्त उत्तरेलाच का? दक्षिणेचे मोठे तलाव मग कुठून आले?

उत्तरेचे तलाव हिमनदीने घडवले आणि दक्षिणेचे मोठे जलाशय माणसाने नद्या अडवून केले. शेवटच्या हिमयुगात सुमारे 14,000 वर्षांपूर्वी बर्फाची एक जीभ उत्तरेकडून आजच्या डे मॉइन शहरापर्यंत पोचली आणि तिथेच वितळली. मागे राहिलेल्या खळग्यांत स्पिरिट लेक, ओकोबोजी, क्लिअर लेक, स्टॉर्म लेक तयार झाले. यातला वेस्ट ओकोबोजी सुमारे 41 मीटर खोल आहे, बाकीचे बहुतेक उथळच. दक्षिणेवरही बर्फ आला होता, पण लाखो वर्षांपूर्वी. तेवढ्या काळात ओढ्यानाल्यांनी जमीन कापून काढली आणि खळग्यांतलं पाणी कधीच वाहून गेलं.

पूरनियंत्रणासाठी बांधलेले चार मोठे जलाशय असे:
- कोरलव्हिल: आयोवा नदी
- सेलरव्हिल आणि रेड रॉक: दोन्ही डे मॉइन नदीवर
- रॅथबन: शॅरिटन नदी

यात रेड रॉक राज्यातला सर्वांत मोठा. पूरनियंत्रण म्हटलं तरी धरणालाही मर्यादा असतेच: 1993 च्या महापुरात कोरलव्हिलच्या सांडव्यावरून पाणी गेलं, खालची माती खरवडून निघाली आणि डेव्होनियन काळातल्या (सुमारे 37-38 कोटी वर्षांपूर्वीच्या) समुद्री जीवांचे जीवाश्म उघडे पडले. ते आजही चालत जाऊन बघता येतात.

एक अपवाद मात्र आहे. पश्चिम सीमेवर मिसुरी नदीने पात्र बदलल्यामुळे झालेले नालाकृती (घोड्याच्या नालेसारखे वळलेले) तलावही नैसर्गिकच, उदा. 1881 च्या पुरातून तयार झालेला लेक मनावा. त्यांचा हिमनदीशी संबंध नाही.