आयर्लंडच्या छोट्या राजांना मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: सातव्या-आठव्या शतकातल्या आयर्लंडवरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणताना ‘पेटी किंग’ला काय म्हणावं? मांडलिक, सामंत की संस्थानिक? आणि त्यांच्या झगड्यांना ‘सत्तासंघर्ष’ हा शब्द चालेल का?

माझं मत स्पष्ट आहे. नुसतं ‘राजा’ म्हणा.

त्या माणसाला त्याचे लोक ‘री’ म्हणत (आयरिश उच्चार इथे थोडे सोपे करून लिहितो). हा ‘री’, लॅटिनचा ‘रेक्स’ आणि आपला ‘राजन्’ एकाच मुळातून फुटलेले. राणीला जुनी आयरिश ‘रीगन’ म्हणते, आणि तिचं नातं थेट ‘राज्ञी’शी, म्हणजे आपल्या ‘राणी’शीही. इतका सख्खा शब्द हाताशी असताना दुसरा का शोधायचा?

राज्य लहान होतं हे खरं. आयर्लंड बेट महाराष्ट्राच्या पाव हिश्श्याहून थोडंसंच मोठं, आणि तिथे एका वेळी शंभर ते दीडशे राजे असावेत असा इतिहासकारांचा अंदाज आहे. अशा राज्याला ‘तूअथ’ म्हणत. त्याचा मूळ अर्थ ‘लोक’, वैदिक ‘जन’च्या जवळ जाणारा. म्हणून लेखात ‘तूअथ’ एकदा समजावून सांगून तसाच ठेवावा.

पण लहान म्हणजे दुय्यम नव्हे. इ.स. ७००च्या सुमाराचा ‘क्रीथ गव्लख’ हा कायद्याचा ग्रंथ राजांच्या तीन पायऱ्या सांगतो: एका तूअथचा राजा, अनेक तूअथांवरचा राजा आणि त्याच्याही वरचा. तिघांनाही शब्द ‘री’चाच. प्रत्येकाच्या अब्रूची किंमत ठरलेली. आयरिशमध्ये तिला अक्षरशः ‘चेहऱ्याचं मोल’ म्हणतात. सर्वांत लहान राजाचं मोल ७ कुमल. ‘कुमल’ म्हणजे मुळात दासी, पुढे ते मूल्याचं परिमाण झालं, साधारण तीन दुभत्या गाईंएवढं. राजा कुदळ किंवा कुऱ्हाड घेऊन राबताना दिसला, तर त्याचं मोल सामान्य माणसाइतकं खाली येई.

राजाचा देह निर्दोष असावा लागे. उत्तर आयर्लंडातल्या अल्स्टरचा राजा कोंगल याचा एक डोळा मधमाशीच्या दंशाने गेला आणि त्यामुळे त्याला तारा या ठिकाणचं, आयर्लंडमधलं सर्वांत मानाचं राजपद सोडावं लागलं, असं मधमाश्यांविषयीच्या कायद्याच्या ग्रंथातच नोंदलेलं आहे. पुढे तो ६३७ साली माग राथच्या लढाईत मारला गेला. अंधत्वामुळे राज्याला मुकलेला धृतराष्ट्र आपल्याला ठाऊक आहेच. अशी अट राजाला लागते, सामंताला कोण लावतं?

आता तुमचे तीन शब्द. ‘संस्थानिक’ सोडूनच द्या, तो इंग्रजी अमदानीशी घट्ट बांधलेला आहे. ‘सामंत’ची गोष्ट मात्र मला फार आवडते. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ शेजारी. स्मृतिग्रंथांत हद्दीच्या वादात सामंतांची साक्ष घेतात, ते शेजारीच. या जुन्या अर्थाने आयरिश राजे एकमेकांचे खरेखुरे सामंत होते. पण आजच्या वाचकाला ‘सामंत’ म्हटलं की वरून जमीन मिळालेला सरदार दिसतो, आणि आयरिश राजाला त्याचं राज्य कुणी वरून दिलेलं नव्हतं.

‘मांडलिक’ वापरा, पण पद म्हणून नको, नातं म्हणून. ‘तो मांडलिक राजा होता’ असं न लिहिता ‘तो अमक्याचा मांडलिक झाला’ असं लिहा. कारण हे नातं ओलिसांवर उभं असे. हरलेला राजा आपली माणसं ओलीस देई, वरच्याकडून भेटवस्तू स्वीकारी, आणि जोर आला की नातं झुगारून देई. ज्याच्याकडे बेड्या घातलेले ओलीस नाहीत तो राजाच नव्हे, असं त्यांचं वचन आहे.

‘सत्तासंघर्ष’ चुकीचा नाही, पण वर्तमानपत्री आहे. त्यांच्या घरातल्या झगड्याला मराठीत नेमका शब्द आहे: भाऊबंदकी. गादी थोरल्या मुलाकडे आपोआप जात नसे. ‘देर्बफिने’ म्हणजे एका पणजोबाचे सगळे पुरुष वंशज, आपल्या भाषेत भावकी. तिच्यातला कुणीही हक्क सांगू शके. चुलते, पुतणे, चुलतभाऊ, सगळेच दावेदार. ई नेल घराण्याच्या उत्तरेकडच्या आणि मध्य आयर्लंडमधल्या अशा दोन शाखांनी तर ताराचं राजपद आठव्या शतकापासून बहुतेक पाळीपाळीने घेतलं. १००२ साली ब्रियान बोरू या दुसऱ्या घराण्यातल्या राजाने ती पाळी मोडली. दोन राज्यांमधल्या भांडणाला मात्र भाऊबंदकी म्हणू नका. तिथे ‘चढाई’ आणि ‘गुरं वळवून नेणं’ हे शब्द बसतात. नवा राजा गादीवर आला की पहिली लूट गुरांचीच करी.

राहता राहिला एक शब्द, आणि तो आपल्याही कानावरून गेलेला आहे. आठव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अल्स्टरच्या शकावलीत काही छोट्या राजांचा उल्लेख ‘रेक्स’ऐवजी ‘दुक्स’ (लॅटिनमध्ये नेता) असा होऊ लागतो. आयरिशमध्ये त्याच्या जोडीचा शब्द ‘तोशेख’, म्हणजे म्होरक्या, अग्रणी. बलाढ्य घराण्यांनी लहानांना गिळलं ते आधी शब्दांत दिसतं. म्हणून त्या काळातल्या माणसासाठी ‘नायक’ वापरायला माझी हरकत नाही. त्याच ‘तोशेख’चं आजचं रूप ‘टीशख’, आयर्लंडच्या पंतप्रधानांचं पद. राजाच्या नियोजित वारसाचा ‘तानिशे’ म्हणजे ‘दुसरा’, तो आज उपपंतप्रधानांच्या पदनामात आहे. मालवणजवळच्या वराड गावाशी नातं सांगणारे लिओ वराडकर २०१७ मध्ये पहिल्यांदा टीशख झाले, आणि २०२० ते २०२२ या काळात ते उपपंतप्रधानही होते.