हार्ट बंद पडून परत चालू झालं तर बायका पुरुषांपेक्षा कमी शुद्धीवर येतात का?

नुसते आकडे बघितले तर बऱ्याच ठिकाणी हो, पण एवढं सांगून गप्प बसणं मला जमणार नाही, कारण हाच वाद आमच्या घरात आयसीयूच्या दारात झालाय.

आई डिचोलीला आमच्या वाड्यावरच्या देवळात सप्ताहाच्या दिवशी पडली. भजन चालू होतं, चौकात तीस-चाळीस पुरुष. कोणी पाणी शिंपडलं, कोणी हुंगवायला कांदा आणला, १०८ ला फोनही लगेच केला, पण तिच्या छातीवर हात ठेवायला एकजण पुढे येईना, "बायकांना बोलवा रे" एवढंच. बायका सगळ्या मागे महाप्रसादाच्या स्वयंपाकात. शेजारची नर्सिंग शिकणारी मुलगी हातातला डाव टाकून धावत आली आणि तिने दाबायला सुरुवात केली तोवर पाचेक मिनिटं गेलेली, आणि तेवढ्या वेळात मेंदूला इजा व्हायला लागते. दोन वर्षांआधी बाबा बाजारात पडले तेव्हा अनोळखी पोरांनी क्षणात शर्ट फाडून सीपीआर, म्हणजे छाती दाबत राहणं, दिला होता.

हे फक्त आमच्या गावचं नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात सार्वजनिक जागी कोसळलेल्या पुरुषांपैकी ४५ टक्क्यांना आजूबाजूच्या लोकांनी सीपीआर दिला, बायकांपैकी ३९ टक्क्यांना. त्यात बायका जास्त करून घरात पडतात, वय जास्त असतं, आणि शॉक देऊन सुधारेल असा हार्टचा रिदम, म्हणजे ठोक्यांची लय, त्यांच्यात कमी सापडतो. हे सगळं धरून हिशोब केला की फरक बराच कमी होतो, आणि उरलेल्यावर डॉक्टरांचंही एकमत नाही.

आता आयसीयू. तिसऱ्या दिवशी सकाळी दादा म्हणाला, "६८ वय, बाईमाणूस, किती हाल करायचे तिचे? बायका ह्यातून उठत नाहीत, मी वाचलंय." बाबांच्या वेळी हाच दादा बारा दिवस व्हेंटिलेटर काढू नका म्हणून डॉक्टरांशी भांडत होता! मी अडून बसले. तिची किडनी मंदावलेली, त्यामुळे झोपेचं औषध अंगातून उतरलेलंच नव्हतं, मग ती डोळे उघडणार कशी? युरोपातल्या २०२१ च्या गाईडलाईनमध्ये स्पष्ट आहे, निदान ७२ तास थांबा, औषधाचा असर गेलाय ना बघा, आणि एकाच टेस्टवर ठरवू नका, डोळ्यांच्या बाहुल्या, ईईजी म्हणजे मेंदूच्या लहरींची टेस्ट, स्कॅन सगळं मिळून बघा. बायकांचे उपचार लवकर थांबवले जातात असं काही अभ्यासांत दिसलंय, आणि उपचार थांबवलेली बाई मग "शुद्धीवर आली नाही" ह्याच रकान्यात मोजली जाते, म्हणजे दादाने वाचलेला आकडा थोडाफार दादासारख्यांनीच तयार केलेला.

सहाव्या दिवशी आईने डोळे उघडले, आठव्या दिवशी सांगितल्यावर माझा हात दाबला.

सगळ्यांचं असं होत नाही हेही सांगते, टेस्ट सगळ्याच वाईट आल्या तर उपचार थांबवणं हेच बरोबर असतं, आणि मी डॉक्टर नाही. तुमचा पेशंट आत असेल तर झोपेचं औषध कधी बंद केलं हे आधी विचारा, आणि घरात जो घाई करतोय त्याला विचारा की बापाच्या वेळी तू काय म्हणाला असतास.

आई आता हुमणात मीठ दोनदा घालते, सकाळचं संध्याकाळी आठवत नाही. दादा दर रविवारी येऊन तेच हुमण जेवतो, त्या तिसऱ्या दिवसाबद्दल अजून एक शब्द काढलेला नाही.