गणित सोडायला लावू नका

लातूरहून एका वडिलांनी लिहिले आहे: 'मुलगी अकरावीला, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलेत. आम्ही म्हणतो गणित सोड, मेडिकलच्या नीट परीक्षेचं बघ. तिला नगररचना शिकायचीय. विचारते, घरांच्या वस्तीत दुकानं किती येऊ द्यायची हे ठरवतं कोण? यात पोट भरेल का?'

नमस्कार. लेकीचा प्रश्न अस्सल आहे, म्हणून आधी तोच घेतो. तुमच्या ट्यूशन एरियात, म्हणजे क्लासेसच्या भागात बघा. खाली मेस, वर होस्टेल, शेजारी अभ्यासिका. घरमालकाला भाडे मिळते, बाहेरगावच्या पोरांना चार पावलांवर जेवण. पण एका कुटुंबासाठी बांधलेल्या घरात वीस-पंचवीस पोरे राहिली की नळ आणि ड्रेनेज कसे पुरणार? 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. तिथे हा हिशेब चुकवून चालत नाही. धंदे बंद केले तर शेकडो घरांची चूल विझेल, मोकळे सोडले तर राहणाऱ्यांचे हाल. कुठल्या रस्त्यावर काय, किती आणि गाड्या कुठे लावायच्या, हे आधीच ठरवणे हेच नगररचनाकाराचे काम.

ठरवण्याची चौकट 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याची. महापालिका विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध करते, लोकांच्या हरकती-सूचना ऐकल्या जातात, मंजुरी शासनाची. निवासी भागात कोणता व्यवसाय चालेल, हे 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत बरेचसे रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून आहे. महापालिकेत जाऊन तिला आराखड्याचा नकाशा जरूर दाखवा. आपली गल्ली त्यात शोधू द्या.

आता पोटाचे. सहायक नगर रचनाकाराची पदे एमपीएससी भरते, पण जाहिरात दरवर्षी येईलच असे नाही. त्या एकाच आशेवर राहू नका. आराखडे करणाऱ्या खासगी सल्लागार संस्थांतही काम असते. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा-बिडकीनला उद्योगांसोबत वसाहतीही आखल्या आहेत; असे काम मराठवाड्यात वाढतेच आहे, आणि इथली माती ओळखणारी माणसे त्यात हवीत, असे मला मनापासून वाटते.

नगररचनेची पदवी म्हणजे बी. प्लॅनिंग, चार वर्षांचे. भोपाळ आणि विजयवाड्याच्या एसपीएसाठी (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) जेईई मेनचा पेपर 2 बी द्यावा लागतो. त्याला बारावीत गणित लागतेच. नीटही द्यायची असेल तर देऊ द्या, पण गणित ठेवूनच. जेईईचा फॉर्म भरताना 2 बी हा पेपर वेगळा निवडावा लागतो, तेवढे लक्षात ठेवा.